ज्यूसर घेताना आधी चोथा पाहावा

घरासाठी ज्यूसर घ्यायचा म्हटले की बहुतेक जण मोटरचे वॅट, किंमत आणि सवलत यांच्यापासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात वेगळ्याच दोन प्रश्नांनी व्हायला हवी. आपल्या घरी वर्षातले आठ-दहा महिने नेमके काय पिळले जाणार आहे, आणि रस पिऊन झाल्यावर ते यंत्र रोज धुणार कोण? या दोन प्रश्नांची खरी उत्तरे घरात बसून ठरवली, तर दुकानाच्या फळीवरची निम्मी यंत्रे आपोआप बाद होतात. आमच्या घरी गेल्या बारा वर्षांत तीन ज्यूसर आले. त्यांपैकी पहिले दोन हे प्रश्न मनात न आणता घेतले होते, आणि ते दोन्ही आज माळ्यावर आहेत.

सोलापूर जिल्ह्यात पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ घरांत ‘डाळिंब’ असे येते. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, २००५ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र शहरालगत केगावला आहे, आणि सांगोला-मंगळवेढा भागात ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांच्या दारात हंगामात ‘भगवा’ जातीचा एखादा क्रेट न सांगता येऊन पडतो. दाणे खाऊन खाऊन किती खाणार, म्हणून रसाचा विचार सुरू होतो, आणि नेमके हेच फळ ज्यूसरची सर्वांत अवघड परीक्षा घेते. डाळिंबाचा दाणा म्हणजे पातळ पडद्यात साठलेला रस आणि त्याच्या मधोमध बी. पडदा फुटावा पण बी भरडले जाऊ नये, एवढेच आपल्याला हवे असते. बी भरडले गेले की रसाला तुरटपणा येतो आणि पेल्याच्या तळाशी रवाळ साका बसतो. सालीचा किंवा दाण्यांमधल्या पिवळसर पापुद्र्याचा तुकडा पिळला गेला, तर त्यातल्या टॅनिनमुळे रस कडवट होतो. म्हणूनच डाळिंब मधोमध कापून मोसंबीसारखे दाबायचे हातयंत्र रसाच्या गाड्यावर कितीही झटपट काम करताना दिसले, तरी त्या रसाने जीभ आखडते.

ज्यांना महिन्यातून दोन-चार वेळाच डाळिंबाचा रस लागतो, त्यांनी त्यासाठी ज्यूसर घेऊच नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. घरातल्या मिक्सरच्या भांड्यात दाणे निम्म्यापर्यंत भरावेत, खटका उलट्या बाजूला फिरवून एकेका सेकंदाचे तीन-चार झटके द्यावेत, आणि सुटलेला रस गाळणीवर ओतून पळीच्या पाठीने दाबावा. गाळणीत पांढरी बी अख्खी राहिलेली दिसली तर आपले बरोबर चालले आहे; गुलाबी भरडा दिसला तर झटके जास्त झाले. मिक्सर सलग अर्धा मिनिट फिरवण्याची चूक मात्र प्रत्येक जण एकदा तरी करतो.

आता यंत्रांकडे वळू. लिंबू, मोसंबी आणि संत्री यांच्यापुरताच प्रश्न असेल तर फिरत्या शंकूचे छोटे विजेचे यंत्र किंवा स्टीलचे हातयंत्र पुरते. त्याला फार तर काहीशे ते हजार-दीड हजार रुपये लागतात आणि धुण्यासाठी नळाखाली अर्धा मिनिट. याविषयी आणखी काही सांगण्यासारखे नाही.

दुसरा प्रकार वेगवान ज्यूसरचा. आपल्याकडे ‘ज्यूसर मिक्सर ग्राइंडर’ म्हणून जे एकत्र यंत्र मिळते, त्यातला ज्यूसर याच जातीचा असतो. आत किसणीसारखी दातेरी चकती आणि तिच्याभोवती बारीक जाळीची टोपली असते. ही जोडी मिनिटाला हजारो फेरे घेते, फळ क्षणात किसले जाते आणि फेऱ्यांच्या जोराने रस जाळीतून बाहेर फेकला जातो. मोटर साधारण ४५० ते १००० वॅटची असते. काम झटपट होते, गाजर-बीट-सफरचंद यांना ते चांगले पुरे पडते, आणि तीन ते सहा हजारांत मिक्सरही पदरात पडतो. उणिवा तीन. रसावर फेस भरपूर येतो, चोथा ओलसर राहतो, आणि पालक, पुदिना, गव्हांकुर अशी पाने टाकली तर ती जाळीला नुसती चिकटून बसतात. आवाजही मोठा असतो. सकाळी सहाला फिरायला जाऊन आलेल्या माणसाने हे यंत्र लावले की उरलेले घर त्याच्या आरोग्यासाठी जागे होते.

तिसरा प्रकार संथ ज्यूसरचा, ज्याला दुकानात ‘कोल्ड प्रेस’ म्हणतात. यात पाते नसतेच. जाड मळसूत्री दांडा मिनिटाला साधारण ४० ते १०० फेरे घेत फळाला जाळीच्या भिंतीवर चिरडत आणि दाबत खाली नेतो. रस एका तोंडातून आणि चोथा दुसऱ्या तोंडातून बाहेर येतो. मोटर १५० ते २५० वॅटचीच असते. हे वाचून ‘कमी वॅट म्हणजे कमी दम’ असे समजू नये. फेरे उतरवणाऱ्या दातेरी चाकांमुळे दांड्याला मिळणारा पीळ चांगलाच जोरदार असतो, आणि संथ व वेगवान यंत्रांच्या वॅटची तुलना करण्यात काही अर्थ नसतो. किंमत मात्र साधारण सात-आठ हजारांपासून पुढे चढत जाते. डाळिंबाचे दाणे, द्राक्षे, पालेभाज्या, आले, ओली हळद ही या यंत्राची खरी कामे आहेत.

संथ ज्यूसरची जाहिरात करताना वेगवान यंत्राने रस ‘तापतो’ आणि जीवनसत्त्वे ‘जळून जातात’ असे सांगितले जाते. मिनिटभराच्या कामात रस जेमतेम कोमट होतो. तेवढ्याने काही जळत नाही. खरा फरक हवेचा आहे. वेगवान यंत्रात रसात हवा घुसळली जाते, त्यामुळे फेस येतो, सफरचंदाचा रस लवकर काळवंडतो आणि क जीवनसत्त्व हळूहळू घटत जाते. रस काढल्या काढल्या पिणाऱ्या घराला हा फरक फारसा जाणवणार नाही. जे सकाळी काढून दुपारच्या डब्यासाठी ठेवतात, त्यांना जाणवेल. विजेच्या बचतीचा मुद्दाही असाच फुगवलेला असतो : ७०० वॅटचे यंत्र दोन मिनिटे चालले किंवा २०० वॅटचे दहा मिनिटे चालले, तरी दोन्हींत युनिटचा विसावा भागही जळत नाही. संथ यंत्राचे जादा पैसे मोजायचे ते कोरड्या चोथ्यासाठी आणि पाल्यासाठी, विजेच्या बिलासाठी नव्हे.

हाताने फिरवायच्या ज्यूसरविषयीही दोन शब्द लिहायला हवेत, कारण जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर फिरताना अशा यंत्राचे प्रात्यक्षिक पाहून मोह होतोच. माझा पहिला ज्यूसर हा असाच घेतलेला होता. खाली ओट्याला चिकटणारी रबरी बैठक, बाजूला दांडा, आणि विक्रेत्याच्या हातात ते लोण्यासारखे फिरत होते. घरी गाजर घातल्यावर दांडा फिरवण्यासाठी एकाला यंत्र धरून ठेवावे लागले. मऊ फळांपुरते आणि गव्हांकुरापुरते ते ठीक असते. घ्यायचेच तर स्टीलचे घ्यावे, कारण आंबट रस ॲल्युमिनियमच्या भांड्यात राहिला की धातूचा अंश रसात उतरतो.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे दुकानातली परीक्षा. प्रात्यक्षिक दाखवताना विक्रेता नेहमी कलिंगड, द्राक्षे किंवा मोसंबी वापरतो. ‘‘ताई, हे कलिंगड बघा, टाकलं की रस,’’ असे तो म्हणतो, आणि ते खोटे नसते. पण कलिंगड मुठीत धरून दाबले तरी रस येतो, त्यात यंत्राची काय परीक्षा? तिसऱ्या वेळी मी लक्ष्मी मंडईतून पाव किलो गाजर, मूठभर पालक आणि बोटभर आले घेऊन दुकानात गेले. मालक प्रथम हसले, मग त्यांनीच कुतूहलाने खुर्ची पुढे ओढली. पाव किलो गाजर घातल्यावर रस मापात ओतून पाहावा आणि चोथा मुठीत घेऊन करकचून पिळावा. बोटांच्या फटीतून थेंब गळू लागले तर तुमच्या पैशाचे गाजर चोथ्यात चालले आहे. चोथा लाकडाच्या भुशासारखा सुटा पडला तर यंत्र चांगले. गाजरात जवळजवळ ८८ टक्के पाणी असते, पण ते सगळे कोणतेच घरगुती यंत्र काढू शकत नाही. पाव किलोमागे सव्वाशे ते दीडशे मिलिलिटर रस आला तर समाधान मानावे. त्यानंतर पालकाची पाने टाकावीत. चोथ्याच्या तोंडातून पाने हिरवी आणि अख्खी बाहेर पडली, तर ते यंत्र आपल्याला नको. आल्याचे तंतू दांड्याला गुंडाळले जातात का, आणि उलट फेऱ्यांचा खटका दाबल्यावर ते मोकळे होतात का, हेही तिथेच पाहून घ्यावे.

प्रात्यक्षिक संपले की आपण स्वतः यंत्र उघडावे, स्वतः परत जोडावे, आणि दुकानात नळ असेल तर जाळी स्वतः धुऊन पाहावी. लोक इथेच संकोच करतात आणि पुढे पाच वर्षे पस्तावतात. जाळी उजेडाकडे धरली की प्रत्येक छिद्रातून उजेड दिसला पाहिजे. गाजराचा लगदा त्या बारीक छिद्रांत असा काही ठाण मांडून बसतो की नुसत्या धारेने तो हलत नाही, सोबत आलेल्या ब्रशने आतून आणि बाहेरून घासावे लागते. माझ्या यंत्राचे पाच भाग धुवायला सहा मिनिटे लागतात, आणि रस काढायला चार. ज्या शहरात नळाला रोज पाणी न येणे वर्षानुवर्षे अंगवळणी पडले आहे, तिथे या सहा मिनिटांना किती पाणी लागते हाही विचार करण्यासारखाच मुद्दा आहे. एक युक्ती उपयोगी पडते : भाग सुकू न देता लगेच पाण्याच्या घमेल्यात बुडवून ठेवावेत आणि तेच पाणी नंतर कुंड्यांना घालावे. बोअरचे जड पाणी वापरणाऱ्यांच्या जाळीवर काही आठवड्यांत पांढरट थर चढतो आणि रस कमी येऊ लागतो. यंत्र बिघडले असे समजून दुरुस्तीला नेण्याआधी जाळी कोमट पाण्यात लिंबूफूल विरघळवून तासभर भिजत ठेवावी.

फळ टाकायचे तोंड किती रुंद आहे, याला विक्रेते फार महत्त्व देतात. रुंद तोंडात अख्खे सफरचंद जाते हे खरे, पण अशा संथ यंत्रातही गाजराचे लांब तुकडे आणि पालकाचे देठ दोन-तीन सेंटिमीटरचे कापूनच घालावे लागतात, नाहीतर तंतू अडकतात. त्यामुळे केवळ तोंडासाठी तीन-चार हजार जास्त देणे मला पटत नाही. उभ्या आणि आडव्या संथ यंत्रांत मात्र निवड करावी लागते. उभे यंत्र फळ आपोआप खाली ओढते आणि ओट्यावर जागा कमी घेते. आडवे यंत्र पाल्याला सरस असते आणि धुवायला सोपे पडते, पण त्यात प्रत्येक तुकडा ढकलणीने दाबत राहावा लागतो. वरच्या कपाटाखाली उंची किती आहे हे घरून मोजून जावे, कारण उभे यंत्र तिथे बसले नाही तर ते खाली काढून ठेवले जाते, आणि पाच-सहा किलोचे यंत्र एकदा खाली गेले की रोज वर येत नाही.

सुरक्षेच्या बाबतीत आयएसआय चिन्ह, अर्थिंग असलेली तीन पिनांची वायर, आणि झाकण नीट बसल्याशिवाय मोटर सुरू न होण्याची सोय या तीन गोष्टींवर तडजोड करू नये. यंत्राच्या तळाशी असलेल्या पट्टीवर ते सलग किती मिनिटे चालवावे हे लिहिलेले असते. संथ यंत्रांना साधारण पंधरा-वीस मिनिटे चालते, तर मिक्सरच्या मोटरला बरेच आधी विश्रांती द्यावी लागते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडून बसलेला असताना स्वयंपाकघर आधीच तापलेले असते, तेव्हा ही मर्यादा आणखी काटेकोरपणे पाळावी. दांडा आणि जाळीची चौकट कोणत्या प्लॅस्टिकची आहे हे विचारावे. ‘बीपीए-मुक्त’ (बीपीए म्हणजे काही प्लॅस्टिकमधून अन्नात उतरू शकणारे रसायन) असा उल्लेख खोक्यावर असला पाहिजे, आणि जाळी स्टीलची असावी.

वेगवान यंत्राची जाळी दर आठवड्याला बारकाईने पाहण्याची सवय लावावी. आमच्या दुसऱ्या ज्यूसरच्या जाळीला कडेला केसाएवढी चीर पडली होती आणि ती मला बिटाच्या लाल रेघेमुळे दिसली. इतक्या वेगाने फिरणारी फाटकी जाळी तुकडे होऊन उडू शकते, म्हणून ते यंत्र त्याच दिवशी बंद केले. नवी जाळी मिळवण्याचा पुढचा भाग त्रासदायक ठरला. शहरात त्या कंपनीचे सेवा केंद्र नव्हते, दुकानदाराने पुण्याचा पत्ता दिला, आणि सात आठवड्यांनी ‘हे मॉडेल बंद झाले’ असे उत्तर आले. तेव्हापासून मी पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारते : सोलापुरात सेवा केंद्र आहे का, जाळी आणि रबरी कड्या सुट्या विकत मिळतात का, आणि हमी मोटरवर आहे की संपूर्ण यंत्रावर. मोठ्या अक्षरांत छापलेली पाच किंवा दहा वर्षांची हमी बहुतेक वेळा फक्त मोटरची असते, आणि बिघडते ती जाळी.

कोणत्याच घरगुती ज्यूसरमध्ये घालू नयेत अशा काही गोष्टी आहेत. केळी, चिकू, पिकलेला आंबा आणि पपई यांचा रस निघत नाही, गर निघतो, आणि तो जाळी बुजवून टाकतो. त्यांची जागा मिक्सरमध्ये. आवळा, बोर आणि आलुबुखार यांच्या कठीण बिया आधी काढाव्यात. आणि ऊस! साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात संथ ज्यूसर घेतलेला प्रत्येक जण कधी ना कधी उसाचे कांडे त्यात घालून पाहण्याचा विचार करतो. ते करू नये. उसाला चरकाच्या पोलादी रुळांमध्ये दाबावे लागते. प्लॅस्टिकचा दांडा त्याने तुटतो, आणि अशा मोडतोडीला हमी लागू होत नाही. रसवंती त्यासाठीच आहे.

दुधी भोपळ्याच्या रसाबाबतची सूचना यंत्रापेक्षा महत्त्वाची आहे. कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्ये असतात, आणि असा रस प्यायल्याने आपल्या देशात लोकांचे बळी गेल्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने याविषयी इशारा दिलेला आहे. प्रत्येक दुधीची एक चकती कच्ची जिभेवर ठेवून पाहावी; किंचित जरी कडू लागली तरी पूर्ण दुधी टाकून द्यावा, आणि चव झाकण्यासाठी त्यात आवळा किंवा मध मिसळून पिऊ नये. रस प्यायल्यावर उलट्या, जुलाब किंवा पोटात कळा सुरू झाल्या तर वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी रोज पालक-बिटाचा रस सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे, कारण दोन्हींत ऑक्झलेट भरपूर असते. मधुमेहाच्या बाबतीत तर ज्यूसर घ्यावा की नाही हाच प्रश्न आधी सोडवावा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शक सूचनांतही रसापेक्षा अख्खे फळ खाण्यावरच भर आहे, कारण तंतू चोथ्यात जातात आणि साखर पेल्यात येते. आमच्या सासूबाईंसाठी म्हणून घेतलेल्या यंत्रातला डाळिंबाचा रस आता मुले पितात, आणि सासूबाई दाणे खातात.

यंत्र घरी आल्यावर पहिल्या दिवशी भाग कोमट पाण्याने धुऊन घ्यावेत आणि रिकामे यंत्र उगाच चालवून पाहू नये. संथ यंत्राचा दांडा कोरडा फिरला की जाळीवर घासून कुरकुरतो. पाने आणि गाजर आलटून पालटून टाकावे, शेवटी काकडीचा तुकडा घालावा, म्हणजे आत अडकलेला घट्ट रस तिच्या पाण्याबरोबर बाहेर येतो आणि धुणेही सोपे होते. डाळिंबाचे दाणे एका वेळी मूठभरच टाकावेत, आणि एका बैठकीत सलग दोन-तीन किलो दाणे काढू नयेत, कारण त्यांच्या बियांनी जाळी लवकर झिजते.

गाजर आणि बिटाचा चोथा फेकू नये. ज्वारीच्या पिठात तो निम्म्याने मिसळावा, त्यात तीळ, हिरवी मिरची, लसूण आणि मीठ घालावे, आणि थालीपीठ थापावे. संथ यंत्राचा चोथा कोरडा असतो, म्हणून पीठ मळताना थोडे पाणी लागते. वेगवान यंत्राच्या चोथ्याला तेही लागत नाही. बिटाचे थालीपीठ तव्यावर लाल दिसते, त्यामुळे ते भाजले गेले की नाही हे रंगावरून कळत नाही. कडा सुटून तव्यावर सरकू लागले की उलटावे, आणि सोबत शेंगाचटणी घ्यावी.